क्रूझचं जहाज ते विमानतळ: शेवटच्या सकाळचं गणित

वेळापत्रकात लिहिलेलं असतं, 'आगमन सकाळी ६'. पहिल्यांदाच क्रूझ करणारा ते वाचून दहाचं विमान धरतो आणि तिथेच फसतो. सहा ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ. त्यानंतर दोर बांधायचे, शिडी लावायची, बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी जहाजाला परवानगी द्यायची, आणि मग दोन-चार हजार माणसं एकदोन दारांतून बाहेर पडायची. विमानातून उतरायला वीस मिनिटं लागतात, मोठं जहाज रिकामं व्हायला तीन तास. शिवाय शेवटची सकाळ जहाजाच्या हातात असते. तुमच्या हातात असते ती आदली संध्याकाळ, आणि त्याआधी विमानाचं तिकीट काढण्याची वेळ.

तिकीट काढताना उलटं मोजा

समजा, आंतरराष्ट्रीय विमान दुपारी २ला आहे. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे ११ला पोचायचं. बंदर ते विमानतळ रस्ता तासाभराचा आहे, त्यात वाहतुकीसाठी अर्धा तास जादा धरा. म्हणजे टर्मिनलच्या दारातून ९:३०ला गाडी हलली पाहिजे. गाडीच्या रांगेला २० मिनिटं, पासपोर्ट आणि कस्टम्सला ३०, बॅग शोधायला २५. एकूण सव्वा तास. म्हणजे ८:१५ला तुम्ही जहाजाबाहेर हवे. हे जमण्यासारखं आहे.

आता तेच विमान १२ला असतं तर? हिशोब येतो ६:१५ला, आणि त्या वेळी खलाशी कदाचित अजून दोरच बांधत असतील. बंदर विमानतळाला अगदी लागून असेल आणि विमान देशांतर्गत असेल तरच बाराचं विमान धरा. त्याच्या आधीचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. आणि परतीचं विमान दिवसातून एकच सुटत असेल, तर बंदराच्या शहरात एक रात्र राहणं सगळ्यात शहाणपणाचं.

जहाजाला उशीरही होतो. हिवाळ्यात धुकं पडलं की अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनसारख्या बंदराची वाट बंद होते आणि जहाजं बाहेर समुद्रात ताटकळतात. वारा जोराचा असेल तर उंच जहाजाला धक्क्याला लावणं धोक्याचं म्हणून कप्तान थांबतो. अशा वेळी विमान कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. विमान क्रूझ कंपनीमार्फत काढलं असेल तर पुढचं विमान मिळवून देण्याची खटपट बहुधा कंपनी करते. वेगळं काढलं असेल तर ती खटपट तुमची. प्रवासविमा घेताना 'जहाजाच्या उशिरामुळे विमान चुकणं' यात बसतं का, हे आधीच वाचून घ्या.

बंदराचं नाव नीट वाचा

जाहिरातीत 'रोम' असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून जवळजवळ ८० किलोमीटरवर. 'लंडन' म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन, तिथून हीथ्रो शंभर किलोमीटरच्या पुढे. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, आणि 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडं. व्हेनिसचं प्रकरण तर नवीनच. १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस'ची जहाजं मार्गेराला (व्हेनिसच्याच मुख्यभूमीवरच्या बंदराला) लागतात, किंवा थेट राव्हेन्ना आणि त्रिएस्तेला. राव्हेन्नाहून व्हेनिसच्या विमानतळावर जायला दोन तासांच्या वर लागतात. तिकिटावर शहराचं नाव वाचून विमान धरलं तर हे दोन तास कुठल्याच हिशोबात नसतात.

सुखाची बंदरंही आहेत. फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स विमानतळाच्या शेजारीच आहे. मायामीचं बंदर आणि विमानतळ एकाच शहरात आहेत. व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसवरून काही मिनिटं चाललं की वॉटरफ्रंट स्टेशन, आणि तिथून कॅनडा लाइनची गाडी पंचवीसेक मिनिटांत विमानतळावर. (तिथून अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र खुश होऊन उशिरा निघू नये. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी व्हँकुव्हर विमानतळावरच होते, आणि जहाजांच्या दिवशी ती रांग लांबच लांब असते.)

एकाच शहरात दोन टर्मिनलं असू शकतात. सिडनीत सर्क्युलर की इथे उतरलात तर समोरच स्टेशन आहे आणि गाडी सरळ विमानतळावर जाते. जहाज व्हाइट बेला लागलं तर जवळपास रेल्वे स्टेशनच नाही. म्हणून जहाजाचं नाव आणि तारीख घेऊन बंदराच्या संकेतस्थळावर 'कुठल्या धक्क्यावर' हे बघा. तसंच विमानतळाचं टर्मिनलही बघून ठेवा. बार्सिलोनात टी-१ आणि टी-२ एकमेकांपासून इतके लांब आहेत की मध्ये बस लागते.

बॅग बाहेर ठेवायची की स्वतः ओढायची?

उतरायचे दोन मार्ग असतात, आणि निवड शेवटच्या दोन दिवसांत करावी लागते.

पहिला मार्ग असा. शेवटच्या रात्री टॅग लावलेली बॅग केबिनच्या दाराबाहेर ठेवायची. कर्मचारी ती रात्रीत खाली नेतात, सकाळी टर्मिनलमध्ये उतरवतात आणि टॅगच्या रंगा-क्रमांकाप्रमाणे रांगेत लावतात. तुमचा क्रमांक पुकारला की तुम्ही मोकळ्या हातांनी उतरता आणि बॅग उचलता.

दुसरा मार्ग म्हणजे आपलं सगळं सामान आपणच घेऊन उतरायचं. याला कुठे सेल्फ असिस्ट म्हणतात, कुठे एक्स्प्रेस वॉक ऑफ. बहुधा या लोकांना सगळ्यात आधी सोडतात. ऐकायला छान वाटतं, पण अट कडक असते: सगळं सामान, एकाच खेपेत, कुणाच्याही मदतीशिवाय. सातच्या सुमाराला शेकडो माणसं बॅगांसकट लिफ्टपाशी उभी असतात. वरच्या मजल्यावरून भरून आलेली लिफ्ट तुमच्या मजल्यावर उघडते, आतले लोक तुमच्याकडे ओशाळं हसतात आणि दार बंद होतं. असं चार वेळा झालं की माणूस जिन्याने निघतो. म्हणून कसोटी सोपी ठेवा: आपली बॅग हातात धरून तीन मजले उतरता येईल का? येत असेल तर हा मार्ग घ्या. लहान मूल कडेवर, गुडघे दुखरे किंवा माणशी दोन मोठ्या बॅगा असतील तर नको. शिडीचा उतारही भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला सपाट असलेली शिडी भरतीला चांगलीच तिरकी असू शकते, आणि चाकांची जड बॅग उतारावर माणसाला ओढते.

मधला उपाय फार जण विसरतात: मोठ्या बॅगा बाहेर ठेवा आणि लवकरचा टॅग मागून घ्या. टॅग बहुधा शेवटून दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये येतात, आणि त्यावरची वेळ तुमच्या विमानाला सोयीची नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर बदलून मिळते. त्याच दिवशी जा. शेवटच्या संध्याकाळी तिथे रांग असते आणि लवकरचे टॅग संपलेले असतात.

काही कंपन्या काही बंदरांवर तिसरी सोय देतात. जहाजावरच विमानाचा बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग मिळतो, आणि रात्री बाहेर ठेवलेली बॅग थेट तुमच्या विमानाकडे जाते. ही सोय ठरावीक विमान कंपन्यांपुरती आणि बहुतेक वेळा देशांतर्गत विमानांपुरती असते, आणि नाव दोनतीन दिवस आधी द्यावं लागतं. मिळत असेल तर घ्या.

शेवटची संध्याकाळ

बॅग बाहेर ठेवण्याची मुदत जहाजागणिक वेगळी, साधारण रात्री ९ ते १२च्या दरम्यान. उशिरा ठेवलेली बॅग कॉरिडॉरमध्येच राहते आणि सकाळी ती तुम्हालाच ओढावी लागते.

बॅग भरण्याआधी एक काम करा: उद्या जे घालायचं ते पलंगावर मांडा. शर्ट, पँट, आतले कपडे, मोजे, बूट, सगळं. हा सल्ला पोरकट वाटेल, पण रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये रिकाम्या जागेकडे बघत पायजम्यात उभा असलेला माणूस जवळजवळ प्रत्येक फेरीत असतो. बॅग परत मिळते ती थेट टर्मिनलमध्ये.

हातातल्या पिशवीत हे हवंच: पासपोर्ट, व्हिसाची कागदं, विमानाचं तिकीट, जहाजाचं कार्ड, औषधं, चष्मा, दागिने, पैसे, चार्जर, दात घासायचं सामान. पासपोर्ट काही मार्गांवर जहाजाच्या कार्यालयात जमा असतो. तो परत घेतल्याशिवाय झोपू नका. तिजोरी उघडून आत हात फिरवून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. आतल्या काळ्या अस्तरावर काळं पाकीट दिसत नाही.

टॅग लावायचा तो बाजूच्या किंवा वरच्या पक्क्या मुठीला, वर-खाली सरकणाऱ्या दांड्याला नाही. तो दांडा आत दाबला की टॅग चेंगरतो किंवा तुटतो. मागच्या विमानप्रवासाच्या पट्ट्या काढून टाका. नाव, फोन नंबर आणि केबिन क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवा. टॅग तुटलेल्या बॅगेचा मालक शोधायला तेवढाच आधार असतो. मग बॅगेचा फोटो काढा.

इथे नवखे लोक एक गोष्ट हमखास चुकतात: जहाजाचे आणि विमानाचे नियम वेगळे. जहाजावर बॅगेचं वजन कुणी बघत नाही, आणि सात बंदरांतली खरेदी निमूटपणे आत शिरते. विमानात इकॉनॉमीची मर्यादा पुष्कळदा २३ किलो असते, आणि ३२ किलोपेक्षा जड बॅग बहुतेक विमानतळांवर घेतच नाहीत, जादा पैसे भरले तरी. हातात धरायचा छोटा वजनकाटा घरूनच न्या. पॉवर बँक रात्रीच्या बॅगेत टाकायची नाही, ती विमानात फक्त हातसामानात चालते: १०० वॉट-अवर क्षमतेपर्यंत सरळ, १०० ते १६०पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावर अजिबात नाही. जहाजावर विकत घेतलेल्या मद्याच्या बाटल्या बहुतेक कंपन्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये आणून देतात. १०० मिलीलीटरच्या नियमामुळे त्या विमानाच्या हातसामानात जाणार नाहीत, म्हणून मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा. मद्यार्काचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असेल तर ती बाटली विमानात कुठेच चालत नाही.

बिल रात्रीच तपासा, ॲपमध्ये किंवा टीव्हीवर. न घेतलेल्या पेयाची नोंद दिसली तर रात्री दहाला गेस्ट सर्व्हिसेसला सांगून पाच मिनिटांत निकाल लागतो. सकाळी सातला तिथली रांग लिफ्टपर्यंत आलेली असते. आणि घड्याळ! जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ यांत तासाचा फरक असू शकतो. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज नाही. गजर लावण्याआधी दोन्ही ताडून बघा.

सकाळ

केबिन साधारण ८ ते ८:३०पर्यंत रिकामी करावी लागते, कारण त्याच दुपारी नवे प्रवासी येणार असतात. नंतर वाट बघायची ती ठरवून दिलेल्या हॉलमध्ये. पुष्कळ जहाजांवर आता सकाळी मोठ्याने पुकारत नाहीत, क्रमांक ॲपवर किंवा पडद्यावर येतो. शिडीपाशी जाऊन आधीच गर्दी करू नका. तुमचा क्रमांक यायच्या आत तुमची बॅग टर्मिनलमध्ये लागलेलीच नसते, मग खाली जाऊन तिथेच उभं राहावं लागतं. फळं, सँडविच, मांसाचे पदार्थ खिशात घेऊन उतरू नका. बऱ्याच देशांत ताजं अन्न आणायला बंदी आहे आणि कुत्री हुंगायला उभी असतात.

शिडीवर कार्ड शेवटचं स्कॅन होतं. त्यानंतर परत आत जाता येत नाही, म्हणून सगळे आले का ते आतच मोजा.

बॅगेचा हॉल म्हणजे मोठी गोदामासारखी जागा, वर लटकलेले क्रमांक आणि खाली शेकडो काळ्या बॅगा. आपली तिच्या क्रमांकाखाली नसेल तर घाबरण्याआधी शेजारच्या दोन रांगा बघा. ६ आणि ९ची अदलाबदल नेहमीची. मग भिंतीलगत ठेवलेल्या टॅग नसलेल्या बॅगा बघा. उचलताना रंगावर जाऊ नका, नाव वाचा. दुसऱ्याची बॅग घेऊन विमानतळावर पोचलेल्या माणसाचं आणि त्या दुसऱ्याचं, दोघांचंही विमान चुकू शकतं.

चाक तुटलं असेल, बॅग फाटली असेल तर तिथेच, हॉलमधल्या क्रूझ कंपनीच्या माणसाकडे लेखी नोंद करा. समुद्रप्रवासासाठीचा १९७४चा अथेन्स करार जिथे लागू होतो, तिथे दिसणाऱ्या नुकसानीची सूचना सामान ताब्यात घेतानाच द्यावी लागते, आणि हरवलेल्या किंवा वरून न दिसणाऱ्या नुकसानीची १५ दिवसांत. विमानतळावर गेल्यावर सांगितलं तर क्रूझवाला विमानाकडे बोट दाखवतो आणि विमानवाला क्रूझकडे.

पासपोर्ट तपासणी देशागणिक वेगळी. अमेरिकेत उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होते, बऱ्याच टर्मिनलमध्ये आता कॅमेऱ्याने चेहरा जुळवून. मुद्दा व्हिसाचा आहे. बंदरातून विमानतळावर जाणं म्हणजे त्या देशात प्रवेश करणं, त्यामुळे 'मी तर फक्त विमान पकडणार' हे चालत नाही. शेंगेन देशातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकातून) निघालेलं जहाज मध्ये माँटेनेग्रो किंवा तुर्कस्तान करून परत येत असेल, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. अनेक प्रवेशांचा लागतो.

धक्का ते विमानतळ

क्रूझ कंपनीची बस महाग, पण बिनघोर. बॅगा ती सांभाळते, आणि जहाजाला उशीर झाला तर बसही थांबलेली असते. वाईट बाजू एवढीच की बस भरेपर्यंत हलत नाही आणि दोनतीन टर्मिनलांवर थांबे घेते. लांबच्या बंदरांना, म्हणजे चिवितावेक्किया किंवा साउदॅम्प्टनला, नवख्याने हीच घ्यावी.

टॅक्सी चार माणसांना बसपेक्षा स्वस्त पडू शकते, पण चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीच्या डिकीत मावत नाहीत. मोठी गाडी आधी सांगा. गाडी ठरवताना वेळ सांगायची ती टर्मिनलबाहेर येण्याची, जहाज लागण्याची नव्हे, आणि वाट बघण्याचे किती पैसे तेही विचारून घ्या. ॲपवरची गाडी बॅग हातात आल्यावरच बोलवा. तिची थांबायची जागा टर्मिनलच्या दारात नसून पुष्कळदा वेगळ्या वाहनतळावर असते, आणि चालक पाचेक मिनिटंच थांबतो. फोनचं रोमिंग चालू आहे का हे आदल्या बंदरातच तपासा. आणि फोन जहाजावर असेपर्यंत विमान मोडवर ठेवा, सागरी नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं.

रेल्वे आणि मेट्रो एकट्या-दुकट्या माणसाला आणि हलक्या सामानाला उत्तम. अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेयसला शहराची मेट्रो लाइन ३ ऑक्टोबर २०२२पासून येते आणि तासाभरात थेट विमानतळावर नेते, मात्र क्रूझचे धक्के स्टेशनपासून बरेच लांब आहेत. चिवितावेक्कियाला बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून दुसरी बस किंवा पायी स्टेशन, मग रोम त्रास्तेव्हेरेला गाडी बदलून फ्युमिचिनो विमानतळ. चार वेळा सामान चढवा-उतरवायचं. बॅकपॅक असेल तर मजेत जमतं, चाकांच्या दोन बॅगा असतील तर नाही.

चाकाची खुर्ची लागत असेल तर तीन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात, कारण तीन वेगळे लोक ती पुरवतात. जहाजाचा माणूस टर्मिनलच्या दारापर्यंतच सोडतो, विमान कंपनीचा माणूस विमानतळाच्या दारापासून घेतो, आणि मधल्या गाडीत खुर्ची मावेल का हे तुम्हीच विचारायचं. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा.

विमान रात्रीचं असेल तर

साडेनऊपर्यंत जहाज तुम्हाला उतरवतंच. विमान रात्री ९ला असेल आणि सरळ विमानतळ गाठलात तर बॅगा कुणी घेत नाही, कारण पुष्कळ विमान कंपन्यांचे काउंटर तीन-चार तास आधीच उघडतात. मग बॅगांना पाय लावून खुर्चीवर सात तास. त्यापेक्षा क्रूझ कंपनीची विमानतळावर संपणारी सहल घ्या. बॅगा बसच्या पोटात राहतात, शहर बघून होतं आणि दुपारी विमानतळावर सोडतात. ती दुपारी किती वाजता सोडते, ते बुक करताना विचारा. दुसरा पर्याय स्टेशनवरच्या किंवा विमानतळावरच्या सामानघराचा. स्टेशनच्या कुलूपकपाटांचे खण मोठ्या बॅगेला कधीकधी अपुरे पडतात, म्हणून माणूस बसलेलं सामानघर शोधा आणि ते बंद कधी होतं ते पाटीवर वाचूनच बॅग आत द्या.